तळ्याची राखणदारीण

बागेतली खोली,
३ मार्च

साडूबुवा,

तुमची चारही शिल्पं काल दुपारी सुखरूप पोचली, ही आनंदाची गोष्ट आधी लिहितो. दुसरी गोष्ट नंतर.

पृथ्वी पाठीवर घेतलेलं कासव मोठ्या झाडाखाली बसवलं. गवंड्यानं केलेला पाया वाळायच्या आत दोन पोरं पृथ्वीवर चढून बसली. जटायूला उतारावर ठेवलं आहे, तुटका पंख आभाळाकडं करून. वारुळातल्या ऋषींना मुद्दाम सावलीतला कोपरा दिला. आज सकाळी बघतो तर खऱ्या मुंग्यांची रांग त्यांच्या दाढीतून वर चाललेली. हात जोडावेसे वाटले. ऋषींना की मुंग्यांना, ते काही ठरवलं नाही.

आता दुसरी गोष्ट. तळ्याकाठी पुराणातल्यासारखी एक जलराक्षसी हवी, पाणी नासवणाऱ्याला दरडावणारी, असं बागेच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं. तुम्ही ते अगदी मनावर घेतलंत. तिचं गोणपाट मी स्वतः सोडलं. आधी कपाळ दिसलं, मग भुवया. भुवया दिसल्याबरोबर मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. का घेतली ते मलाच कळेना. गोणपाट हनुवटीखाली आलं तेव्हा कळलं.

साडूबुवा, या आपल्या सासूबाई आहेत.

उजवी भुवई डावीपेक्षा वर. ओठ असे मिटलेले, की आत एक वाक्य तयार आहे आणि ते आपल्याबद्दल आहे. मी अजून घरी बोललेलो नाही. पण आमच्या पहारेकऱ्याला त्यांनी मागं एकदा फाटकाशी थुंकताना पकडून झापलं होतं, आठवतं? तो आज तळ्याकडं गेला आणि तोंडातला तंबाखू गिळून परत आला.

हे चुकून झालं की मुद्दाम, एवढंच कळवा. फोन करू नका. बागेतला एकुलता एक फोन अध्यक्षांच्या टेबलावर आहे, आणि सासूबाईंबद्दल मला त्यांच्यासमोर बोलता येणार नाही. उद्घाटन एप्रिलअखेरीस आहे.

तुमचा,
थोरला साडू


कारखाना,
८ मार्च

दादा,

काहीतरीच काय! जन्मभर झाडांत राहून तुम्हाला आता सिमेंटमध्येही नातेवाईक दिसायला लागले. राक्षसीचा चेहरा हा राक्षसीचा चेहरा असतो. वर गेलेली भुवई, मिटलेले ओठ, ही जुन्या मूर्तिकारांची रीतच आहे.

आणि मी सासूबाईंना करीनच कसा? मी त्यांना धड पाहिलं तरी आहे का? आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यांनी माझा उंबरा ओलांडलेला नाही. चिखलात हात घालणाऱ्याला मुलगी देणार नाही म्हणाल्या होत्या, मुलगी स्वतःच निघून आली, तो राग अजून आहे. तुमच्याकडं कधी समोरासमोर आलो तर माझ्याकडं न बघता भिंतीला सांगतात, “त्यांना म्हणावं, जरा सरका.” भिंत सांगायच्या आत मी सरकतो.

तेव्हा तुम्ही निर्धास्त असा. कामाचं बघायचं तर, शिल्पावर एखादा वेल चढवलात तर शोभून दिसेल. निसर्ग आणि पुराण यांचा मिलाफ. शक्यतो तोंडाच्या बाजूनं चढवा.

तुमचा,
धाकटा


बागेतली खोली,
१५ मार्च

साडूबुवा,

निर्धास्त असायला सांगता आणि खाली तोंडावर वेल चढवायला सांगता. पत्र टाकण्यापूर्वी एकदा वाचत जा.

हिनं काल शिल्प पाहिलं. मी काहीच सांगितलं नव्हतं. ही समोर गेली, थांबली, आणि इतकी हसली की ओल्या गवतावर फतकल मारून बसली. मग एकदम उठून उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, मी आईला उद्घाटनाला बोलावलंय.”

मी म्हटलं, “त्या कशाला येतील? धाकट्याचं काम आहे म्हटल्यावर.”

“म्हणून तर येतेय. म्हणाली, बघू तरी त्या चिखल्यानं काय दिवे लावलेत.”

त्यांचं येणं पक्कं आहे. मी लगेच कुंडीतला चांगला वाढलेला गोकर्णीचा वेल आणून राक्षसीच्या पायाशी लावला. आजवर देवाकडं मी झाडांसाठी पाणी मागितलं, पोरांसाठी बुद्धी मागितली. कुणाचं नाक झाकायला कधी काही मागितलं नव्हतं. कालपासून तेही मागतो आहे.

आता खरं लिहा.

थोरला साडू


कारखाना,
१९ मार्च

दादा,

पाचावर धारण बसली आहे. खरं लिहितो.

मुद्दाम केलं नाही, देवाशपथ. तुम्हाला माझी पद्धत माहीत आहे. आधी सळ्यांचा सांगाडा, त्यावर जाळी, मग अंग, आणि चेहरा सगळ्यात शेवटी, एका बैठकीत, गिलावा ओला आहे तोवर. तेव्हा विचार करत बसलं तर सिमेंट धरतं. हात जे जाणतो तेच करतो. कासव करताना हाताला कासव माहीत होतं. दरडावणारी बाई करताना हाताला एकच बाई माहीत होती. हात धुऊन मागं सरलो तेव्हा दिसलं कोण आहे ते. तेव्हाच मोडायला हवं होतं. पण दादा, चेहरा फार चांगला झाला होता. माझ्याच्यानं हातोडी उचलवली नाही. म्हटलं, इतक्या लांब कोण ओळखणार!

आता जे सांगतो ते फक्त तुम्हाला. हिला दिवस गेले आहेत. इतक्या वर्षांनी. मे महिना सांगितला आहे. डॉक्टर म्हणतात, जपा, एकटं ठेवू नका. म्हणून मलाही उद्घाटनाला येता येणार नाही. ही दिवसभर हसतमुख असते, पण झोपेत दोनदा “आई” म्हणाली. मी म्हटलं, बोलवूया. तर म्हणते, “पोटाचं कारण दाखवून आईला बोलवायचं नाही. ती आपणहून आली तर येऊ दे.” आता सासूबाई तिकडं माझं काम बघायला येताहेत. ते त्यांना आवडलं तर कदाचित इकडंही येतील, या आशेवर ही बसली आहे. राक्षसीचं हिला काही माहीत नाही.

आणि त्या येऊन बघणार काय, तर मी त्यांना तळ्याकाठी बसवलंय!

एकच उपाय. माणूस नाकावरून ओळखू येतो. गवंड्याकडून नाक बदलून घ्या. टोक खाली ओढायचं, मध्ये थोडा बाक द्यायचा, नाकपुड्या फुगवायच्या. सोबत आकृती काढून पाठवतो.

धाकटा


बागेतली खोली,
२ एप्रिल

साडूबुवा,

तुमची बातमी वाचून देवापुढं दिवा लावला. हिला सांगितलं. रडली, हसली, मग तुमच्या नावानं बोटं मोडली. आईला यातलं काही सांगणार नाही असं कबूल केलं आहे.

आता राक्षसीचं. वेल तोंडावर चढत नाही. मी दोरी बांधून वाट दाखवली, पण वेल उन्हाच्या ओढीनं जातो, माझ्या नाही. तो मागून पाठीवर गेला, तिथून डोक्यावर, आणि तिथं फुलला. निळी फुलं भरगच्च आली आहेत. आता सासूबाई कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारख्या दिसतात, आणि समोरचं वऱ्हाड उशिरा आलेलं आहे.

नाक तुमच्या आकृतीप्रमाणं बदललं. गवंड्यानं जीव ओतून काम केलं. टोक ओढलं, बाक दिला, नाकपुड्या फुगवल्या. मी मागं सरून पाहिलं. सासूबाईंना सर्दी झाल्यासारखी दिसते. तुम्ही म्हणाल, मग वेगळ्या दिसत असतील. साडूबुवा, सर्दी झाली की त्या कशा दिसतात हे मी वीस वर्षं पाहतो आहे. अशाच.

पहारेकरी हल्ली तळ्याला लांबून वळसा घालतो. त्यानं तंबाखू सोडला, असं त्याची बायको सांगत होती. ती शिल्पकाराला आशीर्वाद देते आहे, तेवढे तुम्हाला पोचवतो.

थोरला साडू


कारखाना,
७ एप्रिल

दादा,

पार्सलनं दोन सुळे पाठवतो आहे. मोठे आहेत. सुळे लावल्यावर जगातल्या कुठल्याही माणसाला ती माझी सासू आहे असं म्हणायची हिंमत होणार नाही. ओठांच्या कडेला भोकं पाडून आत सळई घालायची आणि गच्च भरून घ्यायचं.

घरी एक गडबड झाली. तुमचं पत्र मी गिलाव्याच्या पाटीखाली लपवलं होतं. ही कधी कारखान्यात येत नाही, ती नेमकी परवा आली. आता माझ्याशी बोलत नाही. काल भिंतीला म्हणाली, “त्यांना म्हणावं, जेवण झाकून ठेवलंय.” दादा, सासूबाई अजून या घरात आल्या नाहीत, पण त्यांची पद्धत आली.

काहीही करा, चेहरा बदला. माझं काय व्हायचं ते होवो, हिची आई तेवढी तुटायला नको.

धाकटा


बागेतली खोली,
२० एप्रिल

साडूबुवा,

सुळे बसवले. त्यासाठी गवंड्याला ओठांच्या कडा थोड्या फाकवाव्या लागल्या. त्यामुळं झालं काय, की त्या आता हसताहेत. सासूबाईंना हसताना मी आयुष्यात एकदाच पाहिलं आहे, त्यांच्या अंगणात मी शेवाळावरून घसरून पडलो तेव्हा. अगदी तेच हसू.

हे बिघडलं म्हणून मी सुळे काढायला निघालो, तोवर अध्यक्ष आले. ते जन्मभर दातांचे डॉक्टर होते हे तुम्हाला लिहायचं राहून गेलं. त्यांनी कोटाच्या खिशातून छोटा आरसा काढला, राक्षसीच्या तोंडाशी वाकले, आणि बराच वेळ बघत राहिले.

म्हणाले, “माळीबुवा, काम उत्तम आहे. डावा मात्र हलतोय.”

मी म्हटलं, “साहेब, दोन्ही काढूनच टाकतो.”

“काढायचे? चांगला दात मी कधी काढलेला नाही!” असं म्हणून त्यांनी गवंड्याला बोलावलं आणि स्वतः उभं राहून डावा सुळा पक्का करून घेतला. जाता जाता वेलाकडं बघून म्हणाले, “हे कुंपण आहे की शिल्प? चेहरा मोकळा दिसला पाहिजे.” आणि माझ्याच कात्रीनं मला डोक्यावरचा वेल कापायला लावला.

माणसानं करायचं ते सगळं करून झालं. आता संध्याकाळी मी वारुळातल्या ऋषींपाशी जाऊन बसतो. मुंग्यांनी त्यांच्या मांडीवर खरंखुरं वारूळ धरलं आहे. त्यांना खालचं अंग सिमेंटचं आहे याचा पत्ता नाही, आणि असता तरी त्यांचं काही अडलं नसतं. ते बघून मन जरा शांत होतं. मग उठून तळ्यावरून घरी यावं लागतं.

सासूबाई परवा येताहेत.

थोरला साडू


कारखाना,
२३ एप्रिल

दादा,

उद्घाटन पावसाळ्यानंतर ठेवता येईल का?

धाकटा


बागेतली खोली,
२९ एप्रिल

साडूबुवा,

काल झालं. बसून वाचा.

त्यांना बागेपासून लांब ठेवायचा प्रयत्न हिनं खूप केला. आठवडाभर घरातली सगळी कामं आईसाठी राखून ठेवली. जुन्या गोधड्यासुद्धा उसवून पुन्हा शिवायला दिल्या. पण काल सकाळी त्या ठेवणीतलं नेसून सगळ्यांच्या आधी तयार.

आधी कासव बघितलं. म्हणाल्या, “पाय ठीक आहेत.” जटायूपाशी थांबल्या, पंखावरून हात फिरवला. ऋषी बघून म्हणाल्या, “याच्या घरच्यांचं काय?” मग तळ्याकडं वळल्या. मी मध्ये उभं राहून त्यांना झाडं दाखवायला लागलो. त्यांनी मला एका हातानं बाजूला केलं, जशी आपण फांदी करतो.

त्या राक्षसीसमोर आणि राक्षसी त्यांच्यासमोर. गर्दी मागोमाग आली. लोक एकदा इकडं बघत, एकदा तिकडं. अध्यक्षांचं तोंड उघडं राहिलं. एक लहान मुलगी मोठ्यानं म्हणाली, “आजीचे दात कुठे गेले?” तिच्या आईनं तिचं तोंड दाबलं. मी मनात देवाचं नाव घेत होतो, पण कुठल्या देवाचं ते सांगता येणार नाही, सगळेच येऊन गेले.

आणि सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, “अगं बाई! ही तर हुबेहूब माझी सासू!”

साडूबुवा, सगळी बाग हसली. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. देवानं लाज राखली. त्यांना स्वतःचा चेहरा ओळखू आला नाही! सगळे चहाकडं गेले तरी त्या राक्षसीपाशी बसून राहिल्या. मी लांबून पाहिलं. हातवारे करून काहीतरी बोलत होत्या. मेलेल्या सासूशी राहिलेला हिशोब चालला असावा, म्हणून मी जवळ गेलो नाही.

संध्याकाळी त्या घरी आल्या. हिला राहवलं नाही. कबूल केलेलं सगळं बाजूला ठेवून हिनं धाकटीचं सांगून टाकलं, मे महिन्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं. फक्त कागद आणि पाकीट मागितलं आणि दार लावून घेतलं. काय लिहिलंय ते माहीत नाही. पाकीट त्यांनी स्वतः चिकटवलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकणार आहेत. माझ्यावर विश्वास नाही म्हणाल्या.

थोरला साडू


२९ एप्रिल

धाकटे जावईबापू,

भिंतीला सांगून इतक्या लांब निरोप पोचत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमचे साडू म्हणजे भला माणूस, पण त्यांना लपवाछपवी जमत नाही. मी तळ्याकडं वळले तसे आडवे आले आणि एका झाडाची माहिती सांगायला लागले. ते झाड तिथं नव्हतं.

मी रोज आरशापुढं वेणी घालते, जावईबापू. माझं तोंड मला माहीत आहे. पण थोरली रडायच्या बेतात, तुमचे साडू घामाघूम, आणि सगळी बाग माझ्याकडं बघते आहे. मग सुचलं ते बोलले. माझी सासू गरीब स्वभावाची होती, तिनं जन्मात कुणावर आवाज चढवला नाही. ती मेल्यावर मी तिला राक्षसी केलं. तिची क्षमा मागितली आहे. ती करेल, जिवंतपणीही तिनं माझं पुष्कळ सोसलं.

लोक गेल्यावर मी त्या बाईसमोर बसले. आधी तुमच्या नावानं जे काही बोलायचं ते बोलून घेतलं. नऊ वर्षांचं होतं, वेळ लागला. तळ्यातल्या बेडकांनी सगळं ऐकलं आहे. मग बोलणं संपलं आणि नुसती बघत राहिले. तिच्या उजव्या कानामागं एक शीर आहे. मी फार चिडले की ती फुगते. हे माझ्या नवऱ्यालाही कधी कळलं नव्हतं. रागानं कुणी कुणाला राक्षसी करील, ते मी समजू शकते. पण रागानं कुणी कानामागची शीर काढत बसत नाही.

मग उठून मागच्या बाजूला गेले. तिथं कुणी जात नाही, चिखल आहे. तिच्या पायांमागं तुम्ही माशांची पिल्लं केली आहेत, अंग चोरून बसलेली. पुढून दरडावणारं तोंड आणि मागं पिल्लं. हे तुम्हाला कुणी सांगितलं? पोटच्या मुलींनाही मी हे सांगितलेलं नाही.

नाक आणि सुळे माझे नाहीत. ते तेवढे काढून पूर्वीसारखं करा. दातांच्या डॉक्टरांशी मी बोलते.

धाकटीला सांगा, मी शनिवारच्या गाडीनं येते आहे आणि बाळ मान धरेपर्यंत हलणार नाही. तिनं मला आधी कळवलं नाही म्हणून रागावणार होते. पण आईला कळवावं असं तोंड मी ठेवलं नव्हतं, ते काल समोर बसून बघितलं. तिच्या खोलीत सिमेंटची धूळ दिसता कामा नये. आणि तिला गरम पाणी मिळतं की नाही ते बघा, पुरुषांच्या लक्षात राहत नाही.

तिला स्टेशनवर आणू नका. तुम्ही एकटेच या, आणि हातात काहीतरी खूण धरून फाटकापाशी उभे राहा. खोटं कशाला लिहू? तुम्ही माझ्या कानामागची शीर लक्षात ठेवलीत, आणि मी नऊ वर्षांत तुमच्याकडं एकदाही मान वर करून बघितलं नाही. गर्दीत माझा जावई कोणता, ते मला ओळखता येणार नाही.

तुमची सासू